खून उलगडला, पण टेंडरचं काय?

सातरस्ता

काल रात्री त्या पोलिसी मालिकेचा दोन तासांचा विशेष भाग पाहिला. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद नटांवरच जातील. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेलच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एका शहरात नवी जलवाहिनी टाकायचं काम चालू आहे. त्या कामावरचा कनिष्ठ अभियंता तलावात मेलेला सापडतो. आधी आत्महत्या वाटते, मग डोक्यामागची जखम दिसते. तपास कंत्राटदाराच्या मुकादमापर्यंत आणि तिथून एका नगरसेवकाच्या भाच्यापर्यंत जातो. शेवटच्या पाच मिनिटांत निरीक्षक भाच्याला कोठडीत दोन कानाखाली देतो, तो सगळं कबूल करतो, अभियंत्याची आई निरीक्षकापुढे हात जोडते, संपलं.

भाग मला आवडला. तपास मन लावून दाखवलाय. पण झोप लागेना ती वेगळ्याच गोष्टीने. अभियंत्याला मारलं का, तर त्याने बिलावर सही करायला नकार दिला म्हणून. मग ते बिल गेलं कुठे? निघालं की अडकलं? ज्या पाइपांवरून तो भांडत होता ते जमिनीखाली तसेच राहिले का? नगरसेवक पत्रकारांना "कायदा आपलं काम करेल" म्हणतो आणि गाडीत बसून जातो. ज्याने मारलं तो आत, ज्यासाठी मारलं तो पैसा बाहेर.

प्रश्न असा की आपल्याकडच्या गुन्हेकथांत भ्रष्टाचार नेहमी खुनाचं कारण म्हणून तोंडी लावायलाच का येतो? दाखवता येत नाही म्हणून, की दाखवायचाच नाही म्हणून?

शेंगाचटणी

पाहिला. तो तलाव बघून आमच्या आईला आपला सोलापूरचा सिद्धेश्वर तलावच वाटला, मागे देऊळ शोधत होती. प्रश्न रास्त आहे. रात्री सविस्तर लिहितो.

मागचीरांग

मी असहमत. हुतात्मा स्मृती मंदिरात हौशी नाटकं करण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावर सांगतो. प्रेक्षकाला माणूस लागतो. प्रेत दिसतं, रडणारी आई दिसते, पळणारा आरोपी दिसतो. बिल कसं दाखवणार? कॅमेरा कागदावर नेला की लोक रिमोट शोधतात. भ्रष्टाचार हा कागदावरचा गुन्हा आहे आणि कागदाला चेहरा नसतो. लेखकाला दोष देऊ नका, माध्यमाचीच ती मर्यादा आहे.

बाळीवेस

+१. आणि कोठडीतला सीन जबरदस्त होता. कानाखाली दिल्याशिवाय कोण खरं बोलतंय का बे?

निवृत्त_लेखापाल

मागचीरांग, कागदाला चेहरा नसतो असं म्हणू नका. एका नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली. तुमच्या मालिकेपेक्षा जास्त नाट्य मी एका वहीत पाहिलं आहे. ती वही म्हणजे मोजमाप पुस्तिका, कामावरचे सगळे तिला एमबी म्हणतात.

कामाचा पैसा तिथून निघतो. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजतो आणि वहीत लिहितो: चर किती लांब, किती रुंद, किती खोल, खाली मुरूम किंवा वाळूचा थर किती, पाइप कोणत्या व्यासाचा आणि कोणत्या वर्गाचा. वहीची पानं छापील क्रमांकाची असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. वरचे अभियंता त्यातली काही मोजमापं स्वतः तपासतात. मग देयक तयार होतं आणि आमच्याकडे येतं.

जलवाहिनीच्या कामाची गोम अशी, की चर बुजवला की खोली कुणालाच दिसत नाही. समजा, वहीत खोली सव्वा मीटर लिहिली आणि खणला पाऊण मीटर. खोदाईचे पैसे वाचले, मुरमाचे वाचले, पुन्हा भरायचेही वाचले. वर माती टाकली, डांबर टाकलं, आता शोधा. काही वर्षांनी वरून जड ट्रक गेला की सांधा सुटतो आणि दुरुस्तीचं वेगळं टेंडर निघतं.

मी टेबलावर बसून एक गोष्ट शिकलो. खरी वही मळकी असते. तिच्यावर चिखलाचा अंगठा असतो, शाईचा रंग बदललेला असतो, एखाद्या दिवशी अक्षर वाकडं असतं, कारण माणूस उन्हात उभा राहून लिहीत असतो. खोटी वही एका बैठकीत, एका पेनाने, टेबलावर भरलेली असते. महिनाभराच्या नोंदी, सगळ्यांचं अक्षर एकाच दाबाचं. हे पडद्यावर दाखवता येत नाही? दोन वह्या शेजारी ठेवा आणि कॅमेरा पाच सेकंद थांबवा. प्रेक्षकाला कळतं.

त्या भागात निरीक्षक अभियंत्याच्या घराची झडती घेतो. कपाट उघडतो, मोबाइल घेतो, डायरी घेतो. एमबी कुठे आहे हा प्रश्न तो एकदाही विचारत नाही. तिथेच माझा जीव चडफडला.

सातरस्ता

काका, हेच हवं होतं. ‘खरी वही मळकी असते’ हे तर त्या भागाचं नाव व्हायला पाहिजे होतं.

पूर्वभागातली

मला अजून एक गोष्ट खटकली. दोन तासांच्या भागात ज्यांच्यासाठी ती जलवाहिनी होती त्यांच्यातलं कुणीच नाही. नळावरची एक बाई नाही, रात्री मोटर लावायला उठणारा एक माणूस नाही.

मी अक्कलकोट रोडच्या बाजूला वाढले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, वडील मागावर. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर चालत आपल्यापर्यंत येतं, त्यामुळे पाण्याचा दिवस हा आमच्याकडे सणासारखाच पाळला जायचा. पाणी येणार असेल तर आई विड्यांचं सूप बाजूला सारून हंडे, बॅरल, पातेली, अगदी पेलेसुद्धा भरून ठेवायची. कारखान्यात विड्यांची संख्या कमी भरली की मजुरी कमी. म्हणजे पाणी उशिरा आलं की त्या दिवसाची तिची कमाई घटायची. जमिनीखालच्या पाइपमध्ये कुणी पैसा खाल्ला तर तो शेवटी कुणाच्या ताटातून जातो ते यातून दिसतं. मागचीरांग म्हणतात तो चेहरा हाच आहे. लेखकाने तो शोधला नाही.

मागचीरांग

हे पटलं. अभियंत्याची आई दाखवली, पण नळावरची आई नाही. ती दाखवली असती तर कागदालाही वजन आलं असतं. तरी दोन तासांत खून, तपास, कोर्ट आणि टेंडर हे सगळं बसवणं सोपं नाही, यावर मी ठाम आहे.

काळाकोट

बाळीवेस, तुमच्या कानाखालीबद्दल. वकील म्हणून लिहितो. जो सीन तुम्हाला जबरदस्त वाटला, त्याच सीनमध्ये सरकारी वकिलाची अर्धी केस गेली. पोलिसाला दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कबुलीचा उपयोग व्हायचा असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोर हवी. दंडाधिकारी आधी आरोपीला बजावतात, की कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आरोपीच्या सांगण्यावरून शस्त्र सापडलं तर तेवढा भाग चालतो. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला असेल तर अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते, पण इथे समोर निरीक्षक आहे आणि मोक्काचा उल्लेखही नाही.

म्हणजे भाचा खटल्यात सुटण्याची दाट शक्यता. मालिका संपते तिथे त्याचा वकील हसत असतो.

नवीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं हळूहळू सगळीकडे बंधनकारक होतंय. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. निरीक्षक एकटाच कपाट उघडतो आणि डायरी खिशात घालतो, तो पुरावा मी दहा मिनिटांत फाडेन.

बाळीवेस

साहेब, मान्य, कायदा तुम्हाला माहीत. पण आमच्या गल्लीतल्या माणसाला विचारा. खटला वर्षानुवर्षं चालतो, साक्षीदार फिरतात. एका तरी पोलिसाने कानाखाली दिली एवढंच समाधान मिळतं. लोक टीव्ही त्यासाठीच बघतात.

काळाकोट

तुमचा राग खरा आहे, मी तो रोज कोर्टाच्या पायऱ्यांवर बघतो. पण कानाखाली कुणाला बसते तेही बघा. भाच्याला बसली. नगरसेवकाला बसली का? कोठडीत मार खाणारा नेहमी साखळीतला सगळ्यात खालचा असतो. वरच्यापर्यंत पोचायला कागदच लागतो.

सातरस्ता यांच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यात २०१८ साली कलम १७अ आलं. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर आधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. खटला भरायच्या वेळी कलम १९ खाली पुन्हा मंजुरी. लाच घेताना जागेवर पकडलं तर १७अ ची गरज नाही. म्हणून पडद्यावर नेहमी सापळाच दिसतो: नोटांना पावडर, पंच साक्षीदार, हात धुतल्यावर गुलाबी झालेलं पाणी. दिसायला झकास. पण सापळ्यात बहुतेकदा सापडतो तो पाच-दहा हजार घेणारा. टेंडरच्या अटीच अशा लिहिणारा, की एकच कंत्राटदार पात्र ठरावा, तो हात पाण्यात बुडवायला येतच नाही.

निवृत्त_लेखापाल

आणि भाच्याचंही सांगतो. महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहायला अपात्र ठरतो. म्हणूनच कंत्राट नगरसेवकाच्या नावावर कधीच नसतं. भाचा, मेहुणा, गाडीचा चालक, यांच्या नावाच्या फर्म असतात. मालिकेने भाचा बरोबर पकडला, पण तो भाचाच का, हे सांगितलं नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं.

डॉ_होटगीरोड

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. प्रेत तलावातून काढल्या काढल्या डॉक्टर म्हणतात, "मृत्यू रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान." असं कुणीही सांगू शकत नाही. प्रेताचा ताठरपणा, रक्त साकळल्याचे डाग, शरीराचं तापमान यांवरून फक्त अंदाज बांधता येतो आणि तो तासांच्या पट्ट्यात असतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, पाण्यात गणित पुन्हा वेगळं.

खरा प्रश्न होता तो हा, की माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का? बुडताना पाणी फुप्फुसात जातं आणि त्यातले डायटम नावाचे सूक्ष्मजीव रक्तातून हाडाच्या मज्जेपर्यंत पोचतात. त्यांच्याभोवती सिलिकाचं कवच असतं, ते सहजी नष्ट होत नाही. मज्जेतले आणि तलावातले डायटम जुळवून बघतात. ही चाचणी एकटी निर्णायक नसते, पण या गोष्टीत तिने मजा आणली असती. समजा, मज्जेत सापडलेले डायटम त्या तलावातले नाहीतच, जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीतले आहेत. म्हणजे खून कामाच्या जागेवर झाला! वैद्यकाने तपास टेंडरपर्यंत नेला असता.

मागचीरांग

डॉक्टर, तुम्ही लिहायला लागा. खरंच सांगतो.

पुण्यात_सोलापूरकर

माझी तक्रार वेगळी. गोष्ट म्हणे महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातली, आणि निरीक्षकापासून चहावाल्यापर्यंत सगळे एकाच साच्यातलं मराठी बोलतात. फक्त खलनायक गावरान बोलतो. आपल्याकडे एका चहाच्या टपरीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकत्र ऐकू येतात. हवालदार साक्षीदाराशी कानडीत बोलतोय आणि निरीक्षकाला कळत नाहीये, असा एक प्रसंग टाकला असता तर तपासाला केवढी धार आली असती.

शेंगाचटणी

खरंय. कन्ना चौकात तपास करायचा तर तेलुगू येणारा शिपाई लागतोच. आणि निरीक्षकाच्या डब्यात कडक भाकरी पाहिजे, सँडविच नको.

पूर्वभागातली

भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही. माझं मत नोंदवून ठेवा.

शेंगाचटणी

आता रात्री लिहितो म्हणालो होतो ते. सातरस्ता यांनी विचारलं ते फक्त मालिकांपुरतं नाही, म्हणून एक खरं प्रकरण मांडतो.

सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही, पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली. वय फक्त तीस. तपास सीबीआयकडे गेला, २०१० साली तिघांना शिक्षा झाली. पण सीबीआयच्या मते तो लुटीसाठी झालेला खून होता. म्हणजे कागदोपत्री खून उलगडला. ज्या कामांबद्दल त्याने लिहिलं होतं त्यांचा त्या निकालाशी काहीच संबंध उरला नाही.

आपल्या राज्यातलं बघा. यशवंत सोनवणे, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी, २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलभेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी, माहितीच्या अधिकाराने जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारा माणूस, १३ जानेवारी २०१० ला सकाळी घरापासून जवळच त्याला मारलं. ही नावं वाचली की मला मालिकेच्या लेखकाचा राग येत नाही, उलट तो कमी पडल्याचं दुःख होतं. सामग्री इतकी समोर पडलेली असताना शेवट कानाखाली मारण्यावर?

बाळीवेस

दुबेचं माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलेलं असताना पत्र फिरवलं म्हणजे काय?

काळाकोट

त्याच्या खुनानंतरच २००४ साली केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घ्यायचं काम केंद्रीय दक्षता आयोगाला दिलं, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायच्या अटीसह. २०१४ साली जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदाही संसदेत मंजूर झाला. एका तिशीतल्या मुलाचा जीव गेल्यावर.

पुण्यात_सोलापूरकर

आपल्या चार हुतात्म्यांचा खटलासुद्धा खुनाचाच होता ना? लहानपणी चार पुतळ्यांवरून शाळेत जायचो, पण तपशील मोठेपणी वाचले.

निवृत्त_लेखापाल

हो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात शहर पेटलं, मंगळवार पेठेच्या चौकीत पोलीस मारले गेले, लष्करी कायदा आला. खुनाचा आळ या चौघांवर ठेवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सरकारला खुनी शोधायचे नव्हते, सोलापूरला जरब बसवायची होती. म्हणून मी म्हणतो, कुणी ‘खून उलगडला’ म्हटलं की आधी विचारावं, हा उलगडा कुणाच्या सोयीचा आहे?

मागचीरांग

धागा सकाळपासून डोक्यात आहे. ‘कागद दाखवता येत नाही’ या माझ्या म्हणण्यावर इथेच चार उपाय आले. एक प्रसंग सुचतोय. निरीक्षक एमबी घेऊन त्या चराच्या जागी जातो. सोबत दोन पंच आणि एक जेसीबी. वहीत लिहिलंय खोली सव्वा मीटर. रस्ता खोदतात. गल्लीतली माणसं जमतात, हंडे घेतलेल्या बायका थांबतात. पाइप लागतो, टेप लावतात, पंच आकडा मोठ्याने वाचतो. कबुली नको, मारहाण नको, संवादही नको. हा प्रसंग मी रंगमंचावरही करून दाखवेन. दोन तासांत बसवणं अवघड, हे माझं म्हणणं कायम आहे, पण पाठलागाची वीस मिनिटं कापली तर बसेल.

सातरस्ता

आणि तो आकडा ऐकून मग नगरसेवकाचा चेहरा. हाच शेवट!

पूर्वभागातली

मला मालिकेच्या पलीकडचं विचारायचंय. आमच्या गल्लीत नुकतीच लाइन टाकली, रस्ता बुजवला, आणि आताच मध्ये खड्डा बसलाय. मला ती एमबी बघायला मिळेल का? की ती फक्त पोलिसांनाच मिळते?

काळाकोट

मिळेल. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम २(ञ) वाचा. त्यात नुसत्या प्रती नाहीत, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही येतो. अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

निवृत्त_लेखापाल

ताई, अर्जात ‘भ्रष्टाचार झाला आहे, माहिती द्या’ असं लिहू नका. कागदाचं नाव घेऊन मागा. अमुक गल्ली ते अमुक गल्ली जलवाहिनीच्या कामाचा कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा अहवाल, आतापर्यंत अदा केलेली देयकं, आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो ते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तो कालावधी संपायच्या आत खड्डा दाखवला तर कंत्राटदाराला तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावा लागतो, आणि त्याची अनामत रक्कमही तोवर कार्यालयाकडेच असते. खड्ड्याचे फोटो आजच काढून ठेवा, शेजारी टेप धरून.

पूर्वभागातली

फोटो सकाळी काढते. अर्ज इथेच टाकते, काका, पाठवायच्या आधी एकदा नजर घाला.

बाळीवेस

ताई, आमच्या बोळातही तसाच खड्डा आहे. तुमचा अर्ज झाला की मलाही द्या, गल्लीचं नाव बदलून मीपण टाकतो.